पिशवीतला हात

परीक्षकबाईंनी माझ्या नावाची चिठ्ठी उघडली तेव्हा अण्णांचा उजवा हात पिशवीत होता आणि पिशवी माझ्या मांडीवर होती.

"वैजयंता अंबादास शेंडगे, निंबोणी," माइकवरून नाव पुकारलं गेलं. "बाजू... शाप."

मागच्या खुर्चीवरून कानडे गुरुजींनी "वा!" म्हटलं आणि पुढं वाकून अण्णांच्या कानाशी लागले. "अंबादासराव, शाप आलाय. म्हणजे हात घालायचा नाही. आहात तसेच बसून राहा."

अण्णांनी मान हलवली. त्यांचं तोंड जरा उतरल्यासारखं वाटलं मला, पण तेवढ्यात अकरा जणांत आपला सातवा नंबर आहे असं कळलं आणि मी तिकडं बघायचं विसरले.

तालुक्याच्या गावची ती वादविवाद स्पर्धा. विषय होता, 'आधुनिक तंत्रज्ञान : मानवाला शाप की वरदान?' या विषयावर महाराष्ट्रात किती पोरं घसा फोडून बोलली असतील त्याची गणती नाही, आणि निकाल अजून लागलेला नाही. आमच्या तालुक्याचा नियम असा की कुठली बाजू मांडायची ते ऐनवेळी चिठ्ठीवर ठरायचं. त्यामुळं प्रत्येक पोराला दोन्ही बाजू पाठ कराव्या लागत. सकाळी यंत्रांचा धिक्कार पाठ करायचा, संध्याकाळी त्याच यंत्रांची आरती ओवाळायची. खरं काय वाटतं असं कुणी विचारत नसे, आणि विचारलं असतं तर आम्ही चिठ्ठी मागितली असती.

गुरुजींनी मला दोन वह्या लिहून दिल्या होत्या. तांबड्या पुठ्ठ्याची शापाची, हिरव्या पुठ्ठ्याची वरदानाची. सुरुवात आणि शेवट दोन्हींत एकच होता, फरक काय तो मधल्या चार पानांचा. तांबड्या वहीत अणुबाँब, धूर आणि बेकारी. हिरव्या वहीत इंजेक्शन, वीज आणि उपग्रह. आज माझी भाची मोबाइलला सांगून दोन्ही बाजूंची भाषणं मिनिटभरात काढून घेते. कानडे गुरुजींना चार दिवस लागले होते आणि बोटांना शाई लागली होती, एवढंच. पुन्हा माझे उच्चार सुधारावेत म्हणून त्यांनी मेहुण्याचा टेपरेकॉर्डर आणला होता. यंत्रांमुळं माणूस कसा यंत्राचा गुलाम झाला हे मी यंत्र मागं फिरवून फिरवून पाठ केलं.

हे सगळं करंडकासाठी नव्हतं. म्हणजे गुरुजींचं होतं, माझं नव्हतं. निंबोणीत शाळा सातवीपर्यंतच होती, आणि मी सातवीत होते. पुढची शाळा नऊ मैलांवर आणि त्या रस्त्याला दिवसातून एकच एसटी, तीही मनात आलं तर. आईनं आधीच सांगून टाकलं होतं, "सातवी झाली का बास. माझ्या हाताखाली ये." जी पोरगी तालुक्यात पहिली येईल तिला जिल्ह्याच्या गावची एक संस्था आपल्या वसतिगृहात ठेवून दहावीपर्यंत शिकवणार होती. पहिली आले तर शाळा, दुसरी आले तर आईबरोबर रानात खुरपं घेऊन भांगलण. सगळा हिशेब एवढाच होता, आणि तो घरात सगळ्यांना माहीत होता.

म्हणून तर अण्णा तयार झाले.

*

अण्णांचा हात दोन वर्षांपूर्वी मळणी यंत्रात गेला. आमच्या भागात ज्वारी उदंड. पूर्वी खळ्यावर बैल फिरवून मळणी व्हायची, तिला पंधरा पंधरा दिवस लागायचे. ट्रॅक्टरवर चालणारं यंत्र आलं आणि तेच काम दुपारपर्यंत उरकायला लागलं. अण्णा या यंत्राच्या प्रेमात होते. यंत्राच्या तोंडाशी उभं राहून कणसं सारायचं काम त्यांच्यासारखं कुणाला जमत नाही, असं लोक म्हणायचे आणि अण्णा ते खोटं आहे असं कधी म्हणायचे नाहीत. एका सकाळी कणसांबरोबर बाही ओढली गेली आणि बाहीबरोबर हात. त्याच ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून त्यांना दवाखान्यात नेलं. रक्ताच्या बाटल्या लावल्या, ऑपरेशन झालं, अण्णा वाचले. कोपराखाली चार बोटं लांबीचा थोटा तेवढा उरला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं असेल, तर, "मळणी उरकली का?"

उरकली होती. ट्रॅक्टर परत गेला, यंत्र धुतलं आणि दिवस मावळायच्या आत रास पडली.

पुढं शहरातल्या एका शिबिरात त्यांना फुकट हात मिळाला. वरनं रबरी, आतून कसला तरी कडक, खांद्यावरून कातडी पट्टा घेऊन बक्कल लावायचं. शिबिरात एकाच रंगाचे हात होते, त्यामुळं काळ्यासावळ्या अण्णांना एक गोरापान हात आला. बोटं हलायची नाहीत. त्या हातानं ना पेला उचलता यायचा ना बिडी धरता यायची. आई तर त्याला घाबरायची आणि रात्री त्याच्यावर फडकं टाकायची. पण अण्णांना त्याचा एक उपयोग सापडला होता. डाव्या हाताचा तळवा त्या रबरी तळव्याला टेकवला की नमस्कार व्हायचा.

"नमस्काराला दोन हात लागतेत," ते म्हणायचे. "एका हातानं केला का लोकान्ला वाटतं, ह्यो काय तरी मागायलाय."

म्हणून लग्नाला, सप्त्याला, पाहुणे येणार असले की आई कुरकुरत बक्कल लावून द्यायची. एरवी हात खुंटीवर.

तो खुंटीवरचा हात कानडे गुरुजींनी पाहिला आणि त्यांचे डोळे लकाकले.

"अंबादासराव," ते ओसरीवर मांडी ठोकून बसत म्हणाले, "पोरीच्या शिक्षणासाठी तुम्ही काय काय कराल?"

"आता काय ऱ्हायलंय करायचं, गुरुजी? एक हात हाय, मागा."

"तोच मागायला आलोय. म्हणजे दुसरा."

गुरुजींची कल्पना अशी. सगळी पोरं हिरोशिमाचा बाँब सांगणार आणि सगळी पोरं पेनिसिलिन सांगणार. परीक्षक कंटाळलेले असतात. आपण थेट पुरावा दाखवायचा. अण्णा सभागृहात बसतील. भाषणाच्या मध्यावर मी म्हणणार, "श्रोतेहो, पुरावा शोधायला दूर कशाला जायचं? पुरावा याच सभागृहात बसला आहे!" की अण्णांनी उभं राहायचं. चिठ्ठीत शाप निघाला तर थोटा हात वर करायचा: यंत्रानं गिळला! वरदान निघालं तर रबरी हात वर करायचा: विज्ञानानं परत दिला!

"म्हंजी दोन्हीकडनं हेच पुरावा?" आईनं विचारलं.

"हाच तर योगायोग आहे, वहिनी. असा माणूस अख्ख्या तालुक्यात नाही."

आईला हा योग फारसा रुचलेला दिसला नाही. पण अण्णा माझ्याकडं बघत होते. मी श्वास धरून बसले होते, आणि ते त्यांना दिसत होतं.

"जमतंय की," ते म्हणाले. "उभंच तर ऱ्हायचंय."

मग आमच्या अंगणात आठ दिवस तालीम चालली. आई ज्वारी पाखडत श्रोते व्हायची. मी म्हणायचे, "पुरावा याच सभागृहात बसला आहे!" आणि अण्णा बाजेवरून उठायचे. एकदा हातासह, एकदा हाताशिवाय. त्यांना एकच शंका होती आणि ती ते रोज काढायचे.

"गुरुजी, उभं ऱ्हायल्यावर नमस्कार कवा करायचा?"

"नमस्काराची गरज नाही."

"येवढी मोठी सभा. मास्तरलोक, परीक्षक. आन् आपण नुस्तं खांबावानी उभं ऱ्हायचं?"

"तुम्ही पाहुणे नाही, अंबादासराव. तुम्ही पुरावा आहात. पुरावा नमस्कार करत नाही."

अण्णा हसले. त्यांना ते पटलं नव्हतं, पण गुरुजींशी वाद घालायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

*

सभागृह म्हणजे तिथल्या हायस्कुलाचे तीन वर्ग, मधले पडदे सरकवून केलेले. पुढं परीक्षकांचं टेबल, त्यावर घंटा, घंटेच्या शेजारी करंडक. पहिल्या सहा पोरांनी गुरुजींचं भाकीत अक्षरशः खरं केलं. तीन हिरोशिमा, दोन पेनिसिलिन, आणि एकाला मधेच विसरल्यामुळं काहीच नाही. त्यात माइक शिट्ट्या मारायचा. परीक्षकबाई, मंगरूळकर त्यांचं आडनाव, हातातल्या पेन्सिलीला टोक काढत बसल्या होत्या.

माझं नाव आलं. मी पिशवी अण्णांच्या मांडीवर ठेवली आणि व्यासपीठाकडं निघाले. "घाबरू नगंस," अण्णा मागनं म्हणाले. मी घाबरले नव्हतेच. मला तांबडी वही पान न् पान डोळ्यासमोर दिसत होती.

सुरुवात झोकात झाली. धूर झाला, बेकारी झाली. माणूस यंत्राचा गुलाम झाला तेव्हा पहिल्या रांगेतल्या दोन मास्तरांनी माना डोलावल्या. मंगरूळकरबाईंची पेन्सिल थांबली. मी टेपरेकॉर्डरवर ठरवलेली विश्रांती घेतली, मनात तीन अंक मोजले आणि हात लांब करून म्हणाले, "श्रोतेहो, पुरावा शोधायला दूर कशाला जायचं? पुरावा याच सभागृहात बसला आहे!"

शंभर डोकी मागं वळली.

"पाहा! यंत्रानं गिळलेला तो उजवा हात पाहा! कुठं आहे तो हात?"

अण्णा उभे राहिले. डोक्यावर धुतलेली टोपी, अंगात पांढरा सदरा, आणि छातीशी दोन्ही हात जोडलेले. एक काळा, एक गोरा.

त्यांना नाहीच राहवलं. एवढ्या मोठ्या सभेत उभं राहायचं आणि नमस्कार करायचा नाही, हे त्यांच्या हातून होणारच नव्हतं. मी बोलत असताना शेजारच्या खुर्चीवरच्या कुणा पोराच्या आईला त्यांनी विनवलं होतं, आणि त्या बिचारीनं घाईघाईत सदऱ्यावरूनच पट्टा घेऊन बक्कल अडकवून दिलं होतं. आता ते हसतमुखानं सगळ्यांना नमस्कार करत होते. आधी परीक्षकांना, मग उजवीकडं, मग डावीकडं. नमस्कार झाला की हात काढून वर करू, असं त्यांच्या मनात असावं. घरच्या तालमीत तेवढा वेळ असायचा.

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "हाय की हात!"

आणि सभागृह हसलं. आधी पोरं हसली, मग मास्तर, मग तोंडावर पदर धरून बाया. मंगरूळकरबाईंनी घंटेकडं हात नेला. कानडे गुरुजींनी डोक्याला हात लावला होता. अण्णांना लोक का हसतायत ते कळेना. आपल्या नमस्कारात काही चुकलं की काय म्हणून त्यांनी तो पुन्हा एकदा, आणखी वाकून केला. हशा दुप्पट झाला.

मला वसतिगृह दिसत होतं. मी ते कधी पाहिलेलं नव्हतं, तरी दिसत होतं, आणि ते जात होतं. भांगलण दिसत होती. खुरपं दिसत होतं. मी व्यासपीठावरून उडी मारली आणि दोन रांगांमधून पळत अण्णांपाशी गेले. ते मला बघून हसले. आपली पोरगी आपल्याला सोडवायला आली, असंच त्यांना वाटलं असणार.

मी तो गोरा हात मनगटाशी दोन्ही हातांनी धरला आणि हिसडला.

बक्कल एका हिसड्याला निघालं नाही. अण्णा माझ्याबरोबर दोन पावलं ओढले गेले. त्यांची टोपी पडली. दुसऱ्या हिसड्याला पट्टा तुटला आणि हात माझ्या हातात आला. मी तो डोक्यावर उंच धरला आणि माइक नसताना, अख्ख्या हायस्कुलाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "हा पाहा तुमच्या विज्ञानाचा हात! हसा याला! आणि हा पाहा माझ्या बापाचा!"

वहीत हे वाक्य नव्हतं. ते कुठून आलं मला ठाऊक नाही.

हशा थांबला. सदऱ्याची रिकामी बाही लोंबत होती, तीही मीच कोपरापर्यंत वर सारली. सगळ्यांना नीट दिसलं. अण्णांचा डावा हात अजून छातीशी तसाच होता, अर्ध्या नमस्कारात. तो खाली घ्यायचं त्यांना सुचलं नाही.

मग टाळ्या सुरू झाल्या. इतक्या टाळ्या मी पुढं आयुष्यात कधी ऐकल्या नाहीत. मंगरूळकरबाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या आणि चष्मा काढून डोळे पुसत होत्या. कानडे गुरुजी शेजाऱ्याला सांगत होते, "माझी विद्यार्थिनी. सगळं बसवलेलं आहे. ते हसणंसुद्धा!"

त्या गोंधळात अण्णा खाली वाकले, टोपी उचलली, गुडघ्यावर झटकली आणि डोक्यावर ठेवली. एका हातानं टोपी नीट बसत नाही. ती वाकडीच राहिली.

निकाल सांगताना मंगरूळकरबाई म्हणाल्या, "विषयाची मांडणी चांगली. उच्चार स्पष्ट. आणि हावभावाला मी दहापैकी दहा गुण दिले आहेत. असे हावभाव मी तीस वर्षांत पाहिले नाहीत." करंडक मी घेतला. अण्णांना आता पहिल्या रांगेत आणून बसवलं होतं आणि ते टाळ्या वाजवत होते. म्हणजे डाव्या हातानं मांडीवर थोपटत होते.

*

परतीच्या एसटीत गुरुजी पुढच्या सीटवर बसून कंडक्टरला सगळी हकिगत सांगत होते. अण्णा आणि मी मागं. माझ्या मांडीवर पुन्हा तीच पिशवी. करंडकासाठी वेगळी पिशवी कुणी आणली नव्हती, त्यामुळं करंडक आणि हात एकाच पिशवीत होते आणि खड्डा आला की एकमेकांवर वाजत होते.

मी म्हणाले, "अण्णा, दुखलं का?"

"आगं, त्यात काय दुखायचंय? रबर हाय त्ये."

"पट्टा तुटला."

"चांभाराकडनं शिवून घिऊ."

दोन्ही बाजूंना ज्वारीची रानं होती. एका रानात मळणी चालली होती. अण्णा खिडकीतून ते यंत्र दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले. त्यांच्या बघण्यात राग नव्हता, कधीच नसायचा. कणसं सारणारा कुणी बाही खाली सोडून उभा आहे का, तेवढंच ते बघायचे.

"वसतिगृहात जेवायला काय देतेत म्हणं?" त्यांनी विचारलं.

"ठावं न्हाई."

"पोटभर खात जा. लाजू नगंस." मग, मला नाही, त्या खिडकीलाच सांगितल्यासारखं ते म्हणाले, "यंत्राचं एक बरं असतंय बग, वैजू. तोंडात आलंय ते कणीस हाय का माणसाचा हात, त्याला ठावंच नसतंय."

एवढंच म्हणाले. त्यापुढं काही म्हणाले नाहीत, तेव्हाही आणि नंतर कधीही. आज मी कारखान्याकारखान्यांत जाऊन यंत्रांच्या तोंडाला जाळ्या बसवल्यात की नाहीत ते तपासते. सरकारी नोकरी आहे. ती मला त्या वसतिगृहामुळं मिळाली, हे मी कुणालाही सांगते. वसतिगृह कशामुळं मिळालं, ते आज पहिल्यांदाच सांगते आहे.

निंबोणीचा फाटा आला. गुरुजींनी सकाळीच गावात सांगून ठेवलं होतं बहुतेक, कारण वडाखाली दहाबारा माणसं उभी होती. आई होती, सरपंच होते. सरपंचांच्या हातात हार होता. एसटी थांबायच्या आधीच मी घाईघाईनं पिशवीतून हात बाहेर काढला. पट्ट्याला गाठ मारून बघितली, ती सुटली. पुन्हा मारली.

"अण्णा, बाही वर करा. लोकं आलीत. नमस्कार करायला लागंल."

अण्णांनी माझ्या हातातल्या हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ऱ्हाऊ दे आता," ते म्हणाले.

त्यांनी पिशवीतला करंडक उचलला, डाव्या हातानं छातीशी धरला आणि एसटीतून खाली उतरले. लोक हात जोडत होते. अण्णा मान लववत होते, करंडकाकडं बघा म्हणून हनुवटीनं दाखवत होते, हसत होते. सरपंचांनी हार त्यांच्याच गळ्यात घातला. आई विचारत होती, "मंग काय ठरलं? शाप का वरदान?" आणि अण्णा सांगत होते, "त्ये अजून ठरायचंय. पोरगी पयली आली."

सगळे वाजतगाजत गावाकडं निघाले. हात पिशवीत घालून मी मागनं चालत होते.